उंदराच्या गळ्यातली गाठ

९ नोव्हेंबर १९५९. अमेरिकेचे आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी राजधानीत पत्रकार परिषद घेतली आणि एका फळाबद्दल इशारा दिला. वॉशिंग्टन आणि ऑरेगन या पश्चिमेकडच्या राज्यांतून आलेल्या क्रॅनबेरीच्या काही मालात ॲमिनोट्रायझोल या तणनाशकाचे अंश सापडले होते. हे तणनाशक खाद्यातून दिलेल्या उंदरांच्या थायरॉईड ग्रंथीत गाठी झाल्या होत्या. आपल्या गावातल्या दुकानातली फळे कुठून आली आहेत हे कळत नसेल तर गृहिणीने काय करावे, असे पत्रकारांनी विचारले. खात्री नसेल तर घेऊ नयेत, असे फ्लेमिंग म्हणाले.

क्रॅनबेरी आपल्याकडे पिकत नाही. करवंदाएवढे, तांबडे, आंबट फळ, दलदलीच्या जमिनीत पसरणाऱ्या वेलींना लागणारे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीबरोबर त्याचा सॉस हवाच. त्या वर्षी हा सण २६ नोव्हेंबरला होता. वर्षभरातला बहुतेक खप नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच व्हायचा आणि मंत्र्यांचे वाक्य नेमके त्याच तोंडावर आले. दुकानांनी माल काढून टाकला, काही राज्यांनी विक्री थांबवली, हॉटेलांनी पदार्थाचे नाव खोडले. मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनचे बागायतदार, ज्यांच्या मालाबद्दल तो इशारा नव्हता, तेही त्यात सापडले. पुढच्या वर्षी अध्यक्षपदासाठी समोरासमोर येणारे दोन पुढारी प्रचाराच्या दौऱ्यात विस्कॉन्सिनमध्ये होते. रिचर्ड निक्सन यांनी लोकांसमोर क्रॅनबेरी मागून घेऊन खाल्ली, जॉन केनेडी तिचा रस प्याले. सरकारने मग तपासलेल्या मालावर चिठ्ठ्या लावायची सोय केली, पुढे शेतकऱ्यांना भरपाईही दिली. पण तो हंगाम हातचा गेला.

फ्लेमिंग यांच्या हातात कायद्याने फार मोकळीक ठेवली नव्हती. १९५८ साली अमेरिकेच्या अन्न कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स डिलेनी यांच्या आग्रहाने एक कलम आले होते. जो पदार्थ माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करतो असे दिसले, तो अन्नात मिसळायला परवानगी नाही. किती प्रमाणात, कोणत्या प्राण्यात, कोणत्या मार्गाने, हे प्रश्न त्या कलमाला नव्हतेच. ॲमिनोट्रायझोल वापरायची मुभा फळांची तोडणी झाल्यावरच होती. काहींनी ते आधी मारले, अंश फळात उतरले. बनवणाऱ्या कंपनीने अन्नात थोड्या अवशेषाला परवानगी मागताना स्वतःच उंदरांवरचे प्रयोग सरकारकडे दिले होते आणि त्याच प्रयोगांत गाठी होत्या.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हे की, गाठ दिसली, तिचे वजन झाले, तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला. पण त्या उंदराच्या रक्तात थायरॉईडचे हार्मोन किती होते हे कोणी नीट सांगू शकत नव्हते. आज कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी उपाशीपोटी रक्त दिले की संध्याकाळी टी-३, टी-४, टीएसएच असे तीन आकडे हातात येतात. १९५९ साली हे आकडे उंदराच्या बाबतीत जवळजवळ अप्राप्य होते आणि त्यांच्याविना गाठीचा अर्थ लावणे म्हणजे अर्ध्या पुराव्यावर निकाल देणे होते.

खरे तर ती गाठ का होते याचे बरेचसे उत्तर तोवर मिळालेले होते. ते मिळाले ते मात्र आडवाटेने.

१९२८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ॲलन चेस्नी आणि त्यांचे सहकारी सिफिलिसच्या अभ्यासासाठी ससे पाळत होते. सशांचे गळे फुगू लागले. रोगाचा काही संबंध लागेना. शेवटी लक्ष गेले खाण्याकडे. या सशांना महिनोन्महिने मुख्यतः कोबी घातला जात होता. गलगंड म्हणजे आयोडीनची उणीव, एवढेच समीकरण ज्या काळात पक्के होते, त्या काळात रोजच्या भाजीतले काहीतरी ग्रंथी फुगवते हे अनपेक्षित होते.

तेरा वर्षांनी त्याच शहरात, त्याच विद्यापीठात, दोन वेगवेगळ्या खोल्यांत हीच गोष्ट पुन्हा घडली. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नावाजलेल्या एल्मर मॅकॉलम यांच्या प्रयोगशाळेत ज्युलिया आणि कॉस्मो मॅकेन्झी उंदरांना सल्फाग्वानिडीन देत होते. आतड्यातले जिवाणू दाबून टाकायचे आणि मग कोणते जीवनसत्त्व कमी पडते ते पाहायचे, असा बेत. उंदीर कापल्यावर दिसली ती मोठी, लालभडक थायरॉईड. कर्ट रिक्टर आणि कॅथरिन क्लिस्बी दुसरेच काही करत होते. फिनाइलथायोकार्बमाइड हे रसायन काहींना अतिशय कडू लागते आणि काहींना त्याची चवच कळत नाही. आनुवंशिकतेच्या तासाला त्याची कागदी पट्टी जिभेवर ठेवलेली अनेकांना आठवत असेल. चवीच्या त्या अभ्यासातून त्यांनी ते उंदरांना थोडे थोडे, दीर्घकाळ दिले. तिथेही थायरॉईड वाढली.

मॅकेन्झी दांपत्याचे मोठेपण यात आहे की, त्यांनी हे उपद्व्याप म्हणून बाजूला टाकले नाही. त्यांनी मूळ काम सोडून ग्रंथीचा पाठपुरावा केला आणि १९४३ साली जे छापले ते आजही या विषयाचा पाया आहे. औषध घेणाऱ्या उंदराला बाहेरून थायरॉक्सिन दिले तर गलगंड होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काढून टाकली तरीही होत नाही. म्हणजे रसायन थायरॉईडला थेट फुगवत नव्हते. ते हार्मोन बनवण्याचे काम अडवत होते. रक्तातले हार्मोन घटले की पिट्युटरी थायरॉईडला कामाला लावणारा तिचा संदेश, म्हणजे टीएसएच, अधिकाधिक सोडते. थायरॉईडच्या पेशी वाढतात, विभागतात, ग्रंथी मोठी होते, तरीही हार्मोन काही बनत नाही, कारण अडथळा तसाच असतो. बोस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी याच सुमारास हाच निष्कर्ष काढला आणि लगेच उलटा उपयोग केला. ज्यांची थायरॉईड जास्त हार्मोन बनवते अशा रुग्णांना त्यांनी थायोयुरासिल दिले. उंदरांत जो दोष म्हणून सापडला, तो माणसात उपचार झाला. आज हायपरथायरॉईडच्या रुग्णांना ज्या गोळ्या मिळतात त्या याच घराण्यातल्या आहेत.

गाठीपर्यंतचा शेवटचा दुवा जुळला तो न्यूझीलंडमध्ये. डनेडिन इथे केनेडी, पर्व्ह्स आणि ग्रीसबाख उंदरांना मोहरीच्या जातीतल्या बिया घालत होते. १९४१ साली त्यांनी गलगंड नोंदवला आणि खाणे तसेच चालू ठेवले तेव्हा १९४५ पर्यंत ग्रंथीत गाठी दिसल्या. कर्करोग घडवणारे म्हणून ओळखले जाणारे कोणतेही रसायन त्या उंदरांच्या पोटात गेले नव्हते. टीएसएचचा सततचा रेटा एवढाच गाठीला पुरेसा होता. पुढे १९४९ मध्ये ॲस्टवुड आणि सहकाऱ्यांनी सलगमच्या जातीच्या कंदातून गॉयट्रिन हा गलगंड घडवणारा पदार्थ वेगळा काढला. म्हणजे फ्लेमिंग यांची पत्रकार परिषद झाली त्याच्या दहा वर्षे आधी, थँक्सगिव्हिंगच्या त्याच ताटात वाढल्या जाणाऱ्या एका कंदमुळात थायरॉईड अडवणारा पदार्थ असतो, हे विज्ञानाला ठाऊक होते.

ॲमिनोट्रायझोल बनवणाऱ्या कंपनीतले थॉमस जुक्स आणि शॅफर यांनी १९६० साली ‘सायन्स’मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. आमचे रसायन थायरॉईड अडवते, गाठी त्यातून येतात, हा डीएनएवर घाव घालणारा कर्ककारक नव्हे. त्यांचे हितसंबंध उघड होते आणि त्यामुळे त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, ते रास्तच होते. पण यंत्रणेबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. सिद्ध करायला मात्र त्यांच्याकडे आकडे हवे होते आणि आकडे मोजायची रीत दुबळी होती.

ती रीत अशी. थायरॉक्सिनमध्ये चार आयोडीन अणू असतात, म्हणूनच टी-४ हे नाव. रक्तातली प्रथिने गाळून बाहेर काढायची, त्यांना चिकटलेले आयोडीन मोकळे करायचे आणि ते किती आहे यावरून हार्मोनचा अंदाज बांधायचा. १९३० च्या दशकात सँडेल आणि कोल्थॉफ यांनी शोधलेली एक सुंदर अभिक्रिया यासाठी वापरत. सेरियमचा पिवळा रंग आर्सेनिकच्या द्रावणात हळूहळू उडतो आणि किंचितसे आयोडीन असले तरी तो झपाट्याने उडतो. किती वेळात रंग गेला यावरून आयोडीन कळते. माणसाच्या १०० मिलिलिटर सीरममध्ये हे आयोडीन साधारण ४ ते ८ मायक्रोग्रॅम. एवढ्या सूक्ष्म मोजणीत शेजारच्या खोलीत कोणी टिंक्चर आयोडीनची बाटली उघडली तरी दिवसाचे काम वाया जाई. आयोडीन असलेले एक्स-रेचे रंगद्रव्य किंवा खोकल्याचे औषध पोटात गेले असले की आकडा निरर्थक. आणि लागणारे रक्त छोट्या प्राण्याच्या मानाने भरपूर. किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी किती शोषते हे पाहण्याची वाट १९३८ पासून, सॉल हर्ट्झ आणि रॉबली इव्हान्स यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांपासून, मोकळी झाली होती. त्यातून ग्रंथीचे काम दिसे, रक्तातले हार्मोन नव्हे.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन हे दोघे १९५९ मध्येच या कोंडीवरचा उपाय प्रसिद्ध करत होते. त्यांचा विषय थायरॉईड नव्हता, इन्सुलिन होता. बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात असे त्यांना दिसले. हे म्हणणे इतके अमान्य होते की त्यांचा लेख आधी परत आला. त्यांनी त्या प्रतिपिंडांचेच मोजमापाचे साधन केले. ठरावीक प्रतिपिंड घ्यायचे, त्यात किरणोत्सारी खूण लावलेले हार्मोन ठरावीक प्रमाणात टाकायचे, मग रुग्णाचे सीरम. सीरममधले हार्मोन खूण केलेल्याला जागेवरून हटवते. जितके जास्त हटले तितके सीरममध्ये जास्त. किरणोत्साराच्या मोजणीवरून आता अब्जांश ग्रॅमपर्यंत पोहोचता येत होते, तेही रक्ताच्या काही थेंबांत. दोघांनी पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले, यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले.

थायरॉईडसाठी ही रीत जुळवायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. टी-४ चा रेणू इतका लहान की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाही. शिवाय रक्तातले जवळजवळ सगळे टी-४ वाहक प्रथिनांना घट्ट चिकटून असते, त्याला सोडवल्याशिवाय मोजणी होत नाही. कॅलिफोर्नियातले भारतीय वंशाचे संशोधक इंदर चोप्रा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सशांना थायरोग्लोब्युलिन हे मोठे प्रथिन टोचून टी-४ ओळखणारी प्रतिपिंडे मिळवली आणि प्रथिनांची पकड सोडवणारे एक रसायन मिसळून दुसरी अडचण दूर केली. तिथून ही तपासणी जगभर गेली. आपल्याकडे मुंबईत परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात १९६३ पासून चालणाऱ्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने थायरॉईडचे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि नवी मुंबईत वाशीच्या किरणोत्सारी समस्थानिकांच्या संस्थेतून टी-३, टी-४, टीएसएचचे तपासणी संच देशभरच्या प्रयोगशाळांना जाऊ लागले.

हीच रीत उंदराच्या पिंजऱ्याशी आली तेव्हा लगेच एक अडचण उभी राहिली. टी-४ चा रेणू बेडकात, उंदरात, माणसात एकच आहे. त्यामुळे रुग्णालयातला संच उंदराच्या सीरमवर चालवता येतो. टीएसएचचे तसे नाही. ते प्रथिन आहे आणि प्राण्यागणिक बदलते. माणसाच्या टीएसएचचा संच उंदरासाठी बिनकामाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने उंदराच्या टीएसएचची प्रतिपिंडे आणि शुद्ध नमुने संशोधकांना पुरवले, तेव्हा कुठे पूर्ण चित्र पाहता येऊ लागले.

आकडे आले आणि त्यांनी एक नवीनच गुन्हेगार समोर आणला. काही रसायने थायरॉईडला हातच लावत नाहीत, तरी उंदराच्या थायरॉईडमध्ये गाठी होतात. ती काम करतात यकृतात. फेनोबार्बिटल हे झोपेचे आणि फेफऱ्याचे जुने औषध घ्या. ते यकृतातली विकरे वाढवते. ही विकरे टी-४ ला एक साखरेचा तुकडा जोडून पित्तावाटे बाहेर टाकतात. रक्तातले टी-४ घटते, पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि पुढचा रस्ता डनेडिनच्या उंदरांचाच. कॅनडात चार्ल्स बॅस्टॉम्स्की यांनी १९७० च्या दशकात पीसीबी या औद्योगिक तेलांबाबत हे दाखवले. औषध कंपनीत काम करणाऱ्या मायकेल मॅक्लेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेनोबार्बिटलची साखळी कडी-कडीने मांडली. त्याला निर्णायक पुरावा होता तोच जुना, मॅकेन्झींचा. उंदराला बाहेरून थायरॉक्सिन दिले की टीएसएच उतरते आणि गाठींची वाढ थांबते.

यातून उंदीर आणि माणूस यांच्यातले अंतरही मोजता आले. माणसाच्या रक्तात टी-४ ला घट्ट धरून ठेवणारे एक खास वाहक प्रथिन असते. प्रौढ उंदरात ते जवळजवळ नसतेच. म्हणून उंदराचे टी-४ पटकन निसटते. निम्मे संपायला त्याला अर्धा ते एक दिवस लागतो, माणसात सुमारे आठवडा. उंदराची थायरॉईड सतत उत्पादनात गुंतलेली, टीएसएचची पातळी मुळात वर, नरात मादीपेक्षाही वर. यकृताने थोडी घाई केली की उंदराचे गणित बिघडते. माणसाकडे साठा भक्कम असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मार्च १९९८ मध्ये यावर धोरणच जाहीर केले. थायरॉईड-पिट्युटरीची घडी विस्कटूनच गाठी होतात हे पुराव्याने दाखवता आले, तर धोक्याचा अंदाज शून्यापासून सरळ रेषेत मांडायचा नाही, हार्मोन बिघडायला लागते ती मात्रा शोधायची. पुराव्यात ग्रंथीचे वजन आणि पेशींची वाढ तर हवीच, पण हार्मोनचे आकडेही हवेत. आणि २००१ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲमिनोट्रायझोलला, म्हणजे अमिट्रोलला, ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ या गटातून काढून ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात टाकले.

क्रॅनबेरीवाल्यांना न्याय मिळाला, असे म्हणून इथे थांबता आले असते. बरेच जण थांबलेही. ‘हा उंदराचा खास प्रकार आहे’ हे वाक्य त्या काळात अनेक अहवालांचा शेवट होऊ लागले. पण मला वाटते, सगळे जण इतकी वर्षे गाठीकडे पाहत राहिले, त्यामुळे हार्मोन मुळात कशासाठी असते याकडे दुर्लक्ष झाले. थायरॉईडचे हार्मोन चयापचय चालवते हे खरे, पण त्याचे सर्वांत मोठे काम होते जन्माच्या आधी आणि लगेच नंतर: मेंदू बांधणे. आपल्या हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत आयोडीन नसल्याने पिढ्यान्‌पिढ्या मंदबुद्धी आणि बहिरी मुले जन्मत होती. त्याचा पुरावा शोधायला उंदीरही लागत नव्हता.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातले जेम्स हॅडो आणि सहकाऱ्यांनी जुन्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून गरोदरपणात टीएसएच जास्त असलेल्या ६२ स्त्रिया शोधल्या आणि त्यांची सात ते नऊ वर्षांची झालेली मुले तपासली. ज्या ४८ स्त्रियांवर गरोदरपणात उपचार झाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ अंकांनी कमी होता. या स्त्रिया रोगी म्हणून कोणाच्या डोळ्यांत आल्या नव्हत्या. गर्भाची स्वतःची थायरॉईड कामाला लागेपर्यंत तो आईच्या टी-४ वर जगतो. आईकडे थोडी तूट असली तर ती कुठे दिसते, हे त्या आकड्यांत होते.

रसायनांच्या बाजूने हाच प्रश्न नॉर्थ कॅरोलायनाच्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये पुढे आला होता. १९९५ मध्ये गोल्डी आणि क्रॉफ्टन यांनी गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना पीसीबीचे मिश्रण दिले. पिल्लांचे टी-४ कोसळले आणि मोठी झाल्यावर त्यांना कमी वारंवारतेचे आवाज ऐकू येईनात. पिल्लांना टी-४ टोचले की श्रवणाचे नुकसान काही अंशी भरून निघे. २००७ मध्ये गुडमन आणि गिल्बर्ट यांनी तर माफक तुटीतही उंदराच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात, जिथे असायला नकोत तिथे, चेतापेशींचे पुंजके दाखवले. पेशी आपल्या जागेपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. यकृताचे कारण असो वा थायरॉईडचे, गर्भाला पोहोचणारे टी-४ कमी झाले की पुढचे सारखेच.

कायदाही याच सुमारास वळला. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेने कीटकनाशकांच्या अवशेषांना डिलेनी कलमातून वगळले आणि त्याच कायद्यात संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने शोधून काढायचा आदेश दिला. त्या कार्यक्रमात थायरॉईडला जागा मिळाली. युरोप, अमेरिका, जपान मिळून ज्या संस्थेच्या चाचणी-पद्धती मानतात त्या ओईसीडीने आपली नियमावली एकामागून एक बदलली. २८ दिवसांच्या उंदीर-चाचणीत २००८ पासून हार्मोन मोजण्याची सोय झाली. २०१६ मध्ये प्रजननाच्या प्राथमिक चाचण्यांत चौथ्या आणि तेराव्या दिवसाच्या पिल्लांचे रक्त आणि टी-४ आले. २०१८ मध्ये गाभण मादीचेही. आणि २००९ मध्ये बेडूकही आला. गुडरनाच यांनी १९१२ मध्ये बेडकाच्या डिंभांना थायरॉईडचा अंश खाऊ घातला तेव्हा ते वेळेआधीच इवल्याशा बेडकांत बदलले होते. आता आफ्रिकेतल्या झेनोपसचे डिंभ २१ दिवस रसायनाच्या पाण्यात ठेवतात आणि मागचे पाय किती वाढले ते मोजतात. पाय थांबले, तर थायरॉईड अडली.

कागदावर ‘टी-४ मोजावे’ लिहिणे सोपे. चार दिवसांच्या पिल्लाचे रक्त इतके थोडे की एका वेतातल्या पिल्लांचे एकत्र करावे लागते आणि त्या वयात टी-४ मुळातच कमी, मोजणीच्या खालच्या मर्यादेला टेकलेले. पिल्लाचे टी-४ वाढत दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस शिखरावर जाते, म्हणून तेरावा दिवस. उपाशी ठेवले की उंदराचे हार्मोन घटते. पिंजरा हलवला, भूल दिली, दुसऱ्या उंदराला मारताना पाहिले-हुंगले की टीएसएच बदलते. सकाळचा आकडा दुपारचा नसतो. एखाद्या प्रयोगशाळेने सोयीसाठी सकाळी रसायन न दिलेला गट आणि दुपारी जास्त मात्रेचा गट मारला, तर जो फरक दिसेल तो घड्याळाचा असेल आणि अहवालात रसायनाच्या नावे जाईल. म्हणून सगळ्या गटांतले प्राणी मिसळून, ठरावीक तासांत, त्याच क्रमाने. किरणोत्सारी संचांच्या जोडीला आता वस्तुमान वर्णपटमापक आला, जो प्रतिपिंडावर विसंबत नाही. तरीही दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांतली तफावत अजून मिटलेली नाही. यात हलगर्जीपणा करणाऱ्यांबद्दल मला राग आहे. एकेका चाचणीत शेकडो प्राणी मारले जातात. त्यांच्या रक्तातून निघालेला आकडा जर विश्वास ठेवण्याजोगा नसेल, तर ते प्राणी कशासाठी मेले?

जून २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने अमिट्रोलची परवानगी नूतनीकरणाशिवाय संपवली. या वेळी कारणांत गाठ नव्हती. हे रसायन भूजलात उतरू शकते आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकते, ही कारणे होती. दोन वर्षांनी युरोपच्या अन्नसुरक्षा आणि रसायन संस्थांनी संयुक्त मार्गदर्शन काढले. उंदराच्या थायरॉईडमध्ये बदल दिसला तर तो माणसालाही लागू आहे असे धरून चालायचे. तो फक्त उंदराचा आहे हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची. यकृताचे कारण पुढे केले तरी गाभण मादी, गर्भ आणि पिल्ले यांतील हार्मोन तुलना करून दाखवा, असा आग्रह आला. अमेरिकेने २००५ मध्ये काही कीटकनाशकांसाठी मागायला सुरुवात केलेली ही तुलनात्मक थायरॉईड चाचणी आता वादाच्या मध्यभागी आहे. आईचे टी-४ किती टक्के घटले की पिल्लाच्या मेंदूची काळजी करायची, यावर कंपन्या आणि नियामक यांचे एकमत नाही. म्हणून काही संशोधक आता रक्त सोडून थेट गर्भाच्या मेंदूतले टी-३ आणि टी-४ मोजत आहेत.